थाई नाती शिकताना आधी वय विचारा

बँकॉकमध्ये थाई शिकायला सुरुवात केली तेव्हा मी काका, मामा, आत्या, मावशी असा तक्ता आखून प्रत्येकापुढे एकेक थाई शब्द लिहायला घेतला आणि तिथेच अडलो. मराठीत आपण नाते कोणाकडचे आणि माणूस पुरुष की स्त्री हे पाहतो. थाईमध्ये आधी पाहतात ते वय. आईचा असो वा वडिलांचा, थोरला भाऊ 'लुंग' आणि थोरली बहीण 'पा'. धाकट्या भावंडांच्या बाबतीत मात्र स्त्री-पुरुष भेद उरत नाही. आईचे धाकटे भावंड, मग तो मामा असो वा मावशी, 'ना' आणि वडिलांचे 'आ'. म्हणून मामा आईपेक्षा मोठा की लहान हे कळल्याशिवाय त्याला थाई शब्दच देता येत नाही. आजी-आजोबांसाठी वडिलांकडचे 'या' आणि 'पू', आईकडचे 'याय' आणि 'ता' असे चार शब्द आहेत. उलट नातू, नात, पुतण्या, भाची या सर्वांना एकच 'लान'.

सर्वाधिक कष्ट घ्यावेत ते 'फी' या शब्दावर. त्याचा अर्थ थोरले भावंड. धाकटे ते 'नाँग'. आपण दादा, ताई म्हणतो तशी ही हाक परक्यांनाही मारतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत कोणी वय विचारले तर राग मानू नये. यातला 'फ' ओठ पूर्ण मिटून उच्चारावा. 'फॅन'मधला फ थाईमध्ये वेगळा वर्ण आहे. सूरही वरून खाली उतरायला हवा, कारण तो खालून वर चढला की शब्दाचा अर्थ 'भूत' होतो. मी रोज जिच्याकडून पपई घेत असे त्या बाईंना मी असेच चढत्या सुरात हाक मारली होती. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, हात कपाळापासून छातीपर्यंत सावकाश खाली आणला आणि माझा सूर त्या हाताबरोबर उतरेपर्यंत तो शब्द माझ्याकडून म्हणवून घेतला.

वहीत उच्चार देवनागरीतच लिहावेत, कारण प, फ आणि ब हा भेद थाईतही आहे आणि रोमन अक्षरांत तो पुसट होतो. सरकारी कागदांवर आईवडिलांसाठी 'मानदा' आणि 'बिदा', अपत्यासाठी 'बुत' असे शब्द येतात. त्यांमागचे माता, पिता, पुत्र ओळखले की ते पाठ करावे लागत नाहीत. घरात मात्र आईला 'मॅ' आणि वडिलांना 'फॉ' म्हणतात.