ला मार्टिनियर कागदावर उतरवताना

लखनौची ही शाळा काढायची तर खालून सुरुवात करू नका. कागद संपतो आणि शिखर राहून जातं. मी आधी माथ्यावरच्या एकमेकींना छेदणाऱ्या कमानी हलक्या पेन्सिलीने टाकते, मग मजला-मजला रुंदावत खाली येते. दोन्ही बाजूंच्या वळत गेलेल्या इमारती शेवटी. गच्चीवरच्या पुतळ्यांचे चेहरे रंगवत बसू नका, नुसती उभी आकृती पुरे. सिंह मात्र नीट काढा, सगळी ऐट त्यांचीच! क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसाने हा वाडा स्वतःसाठी बांधायला घेतला. १८०० साली तो वारला, त्याची कबर तळघरातच आहे. शाळा १८४५ पासूनची. वर्ग भरतात, तेव्हा फाटकावर विचारूनच आत बसा.