हेअर ट्रान्सप्लांट करताय? या चुका टाळा

दोन कानांच्या मधला डोक्यामागचा पट्टा ही केसांची पुंजी. ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस तयार होत नाही. मागचा केस मुळासकट काढून पुढे लावतात आणि मागची ती जागा कायमची रिकामी राहते. एका ग्राफ्टमध्ये, म्हणजे मुळांसकट काढलेल्या एका पुंजक्यात, 1 ते 4 केस असतात आणि बहुतेकांचे आयुष्यभरात 4000 ते 6000 ग्राफ्टच सुरक्षितपणे काढता येतात. बिघडलेली बहुतेक डोकी याच हिशेबात चुकलेली असतात.

पंचविशीत हेअरलाइन खाली ओढू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पुरुषांमध्ये दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून हेअरलाइन, म्हणजे कपाळावर केस सुरू होतात ती रेषा, साधारण 7 ते 9 सेंमी वर असावी. ती 6 सेंमीवर आखून कानशिलांचे कोपरेही भरले, तर त्यातच बरीच पुंजी संपते. ट्रान्सप्लांटने मूळ केसांची गळती थांबत नाही. म्हणून चाळिशीत पुढे दाट पट्टा, त्यामागे टक्कल असं दिसतं.

हिशेब करून बघा. टक्कल 200 चौरस सेंमी आणि दर चौरस सेंमीला 40 ग्राफ्ट, म्हणजे 8000. एवढे मागे नसतातच! पुढचा भाग आधी, भोवरा शेवटी, कारण भोवरा कितीही ग्राफ्ट गिळतो. गळती चालू असेल तर आधी सहा महिने ते वर्षभर औषधं घेऊन ती स्थिरावू द्या. मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड घ्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं. फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक त्रास होतो, तेव्हा आधीच मोकळेपणाने विचारा.

बाहुलीचे केस कसे होतात

नैसर्गिक हेअरलाइन जवळून बघा. पुढच्या दोन-तीन रांगांत एकेकटे केस असतात, वेडेवाकडे आणि पुढे झुकलेले. तिथे तीन केसांचा ग्राफ्ट उभा लावला, तर एका भोकातून झुपका निघतो. आपल्या काळ्याभोर केसांमुळे तो लांबूनही कळतो. रेषाही पट्टीने आखल्यासारखी सरळ नको. म्हणून पेनने आखलेली रेषा आरशात बघा आणि पटल्याशिवाय होकार देऊ नका.

बिल ग्राफ्टच्या संख्येवर असेल, तर एक, दोन आणि तीन केसांचे किती ग्राफ्ट निघाले हे लिहून घ्या. दोन केसांचा ग्राफ्ट फोडून दोन मोजले, तर बिल वाढतं, केस नाहीत.

भूल आणि चिरा कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, हेही स्पष्ट विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सांगितलं आहे की हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरचं आहे. एखाद्या मॉलमधल्या सेंटरने ‘टेक्निशियन करतील’ म्हटलं, तर तिथून उठा.

पहिले दहा दिवस

इथे घाई करू नका. पहिल्या पाच-सात रात्री डोकं उंच ठेवून उताणं झोपा. धुण्याची परवानगी मिळाल्यावर शॉवर नको. मगातून कोमट पाणी हळू सोडा, शाम्पूचा फेस तळहाताने टेकवा, चोळू नका. खपल्या साधारण दहाव्या दिवसापर्यंत आपोआप सुटतात. नखाने ओढली, तर ग्राफ्टही निघून येतो. गर्दीच्या वेळची लोकल टाळा. दादरला उतरताना कोणाची बॅग डोक्याला लागली तरी नुकसान होतं. हेल्मेट, घामाची जिम आणि पावसात भिजणंही डॉक्टर सांगेपर्यंत बंद. तिसऱ्या दिवशी कपाळ, डोळे सुजले तरी बहुधा ती साधी सूज असते. पू, ताप, वाढती वेदना किंवा काळी पडत जाणारी कातडी दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

लग्नाची तारीख जवळ असताना करू नका

दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात. मूळ आत शाबूत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवण सुरू होते, खरा निकाल 12 महिन्यांनी कळतो. भोवऱ्याला 15 ते 18 महिनेही लागतात, त्याआधी दुसऱ्या सिटिंगचे पैसे भरू नका.