कावीळ झालेल्याने उन्हातून ड जीवनसत्त्व कसं मिळवावं

कावीळ झाली की आपल्याकडे हळद-तेल बंद होतं आणि माणूस आतल्या खोलीत पडून राहतो. पिवळ्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, असं मात्र नाही. ड जीवनसत्त्व तयार करतात ते २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण. काविळीत कातडी पिवळी करणारं द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, मुख्यतः ४६०च्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, म्हणून ते या किरणांच्या फारसं आड येत नाही. खरी अडचण कातडीच्या पुढे आहे. तिथे तयार झालेलं ड आधी यकृतातून, मग मूत्रपिंडातून गेल्यावरच हाडांच्या कामी येतं.

म्हणून आधी कावीळ कोणती, ते डॉक्टरांकडून कळून घ्या. दूषित पाण्याची, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुधा काही आठवड्यांत उतरते. शरीरातला ड चा साठा तेवढा पुरतो; विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या, टँकरचं असेल तर नक्कीच.

शौच पांढरट, मातीच्या रंगाची होत असेल, अंगाला खाज असेल, तर पित्ताची वाट अडलेली असू शकते. इथे खरं लक्ष द्यायला हवं. गोळीतलं ड आतड्यातून शोषायला पित्त लागतं, उन्हातल्याला लागत नाही. अशी कावीळ लांबली तर '२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' ही ड चा साठा मोजणारी रक्ततपासणी करायची का, ते विचारा. गोळी किंवा इंजेक्शनचा डोस मनाने घेऊ नका, जास्त झालेलं ड अंगात साठतं.

आता ऊन. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ड तयार करणारे किरण पुरेसे मिळतात. मराठवाड्यात मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच ती आखूड झालेली असते. तेव्हाच थोडा वेळ बसा, दुपारच्या उन्हात मुळीच नको. डिसेंबरात मात्र बारा-साडेबाराचीच वेळ साधावी लागते. हात-पाय उघडे ठेवा, कातडी लाल होण्याआधी सावलीत या. खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, काच हे किरण अडवते.

तान्ह्या बाळाची कावीळ उन्हात धरून घालवायला जाऊ नका. दवाखान्यातला निळा दिवा बिलिरुबिन उतरवतो, ड देत नाही. ड साठी रोज ४०० युनिटचे थेंब डॉक्टर सांगतात. दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं असेल किंवा शी पांढरी असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झालेली बरी.