टर्बो की साधं इंजिन? पीएस सोडा, आरपीएम वाचा

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. जोरदार गाडी घ्यायची म्हटलं की पोरं ब्रोशर घेऊन येतात आणि बोट थेट पीएसच्या, म्हणजे ताकदीच्या, आकड्यावर ठेवतात. मी म्हणतो, त्याच्या शेजारचा आरपीएम वाच, म्हणजे ती ताकद इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं तेव्हा मिळते ते.

एक साधं, एक टर्बो (हवा दाबून भरणारं), दोन्ही 1.5 लिटर पेट्रोल घेऊ. होंडा सिटीचं साधं इंजिन 121 पीएस देतं, पण 6600 आरपीएमला. टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर, 145 एनएम, तोही 4300 ला. फोक्सवॅगन व्हर्चुसचं टर्बो 150 पीएसचं, आणि 250 एनएम टॉर्क 1600 पासून 3500 पर्यंत सपाट. पीएसमधला फरक मित्रांना सांगायला ठीक. रोजची गाडी 1600 ते 3500 मध्येच चालते, खरा फरक तिथे आहे.

शोरूमभोवती चक्कर मारून हे कळत नाही. पसरणी घाटासारखा चढ बघा, मागेपुढे कोणी नसताना तिसऱ्या गिअरमध्ये 1500 च्या आसपास या आणि पाय दाबा. टर्बो आधी क्षणभर गप्प बसेल, मग एकदम खेचेल. हाच लॅग. तो खुपतो का, ते तुमचं तुम्ही ठरवा. साधं इंजिन लगेच ऐकतं, पण दम कमी; दुसरा टाकून 4000 च्या वर नेलं की जागं होतं. शिवाय उंचीवर हवा विरळ. दर 1000 मीटरला साध्या इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद जाते, म्हणजे महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत सिटी बरीच मवाळ झालेली असते. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे ती तूट बरीचशी भरून निघते.

तरी वळणातून बाहेर पडताना पाय जेवढा दाबाल तेवढीच ताकद, हा हिशेब मला साध्या इंजिनातच पटतो. गिअर टाकायचा कंटाळा नसेल आणि ट्रॅकवर जायचं असेल, तर तेच घ्या. घाट, हायवे, भरलेली गाडी असेल तर टर्बो. उगाच वाद नको. सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून हवा दाबणारा पंप) आपल्या बजेटमध्ये येतच नाही, तो विषय सोडा.

जुनी टर्बो घेताना मात्र घाई नको. इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून बघा: आत ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं ऑइल नाही. इंजिन बंद आणि गार असताना टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलला तर ठीक. आत-बाहेर सरकत असेल तर गाडी सोडा. चालवताना हलकी शिट्टी चालेल, सायरनसारखा आवाज नाही. ऑइल बदलल्याची बिलं मागा. घाट चढून आल्यावर मालक इंजिन लगेच बंद करतो की टर्बो निवायला मिनिटभर चालू ठेवतो, तेही बघा. आणि रीमॅप केलंय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललंय का, हे तोंडावर विचारा. ‘फक्त स्टेज वन’ (रीमॅपची पहिली पायरी) असं उत्तर आलं, तर क्लच आणि गिअरबॉक्स तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.