माका ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात केसांच्या तेलासाठी माका, म्हणजे भृंगराज, खुडायला निघालेले बरेच जण एकच खूण धरतात: पांढरं फूल. घोटाळा तिथेच होतो. माक्याच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली एकदांडी आणि गाजर गवतही पांढरं फुलतं, आणि बांधावर, पडीक जागेत तीही असतात.

पाकळ्या मोजत बसू नका. आपण ज्याला फूल म्हणतो तो असतो स्तबक, एका बैठकीवर दाटीने बसलेली कित्येक चिमुकली फुलं. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ म्हणजे स्वतंत्र किरणपुष्पक. स्तबक नखाने उभा चिरा आणि भिंगातून बघा. माक्याची किरणपुष्पकं अगदी अरुंद, पांढरी आणि भरपूर. मधली बिंबपुष्पकंही पांढरटच, प्रत्येकाच्या तोंडाशी चार दाते. एकदांडीचा मधला भाग पिवळा, कडेला मोजकीच रुंद किरणपुष्पकं, त्यांच्या टोकाला खाचा. तिचा स्तबक वीतभर लांब दांड्यावर एकटाच डोलतो. बी पिकलं की त्यावर पिसांसारखे केस दिसतात; माक्याच्या बीवर ते नसतात. गाजर गवताचे स्तबक इवलेसे, कडेला जेमतेम पाच किरणपुष्पकं.

फुलं नसली तर पानं बघा. माक्याची पानं समोरासमोर, लांबट, खरखरीत, जवळजवळ बिनदेठाची. एकदांडीचीही समोरासमोरच येतात, पण कडा खोल दातेरी. गाजर गवताची एकाआड एक, बारीक चिरलेली.

माका चुरगाळला की रस थोड्या वेळात काळा पडतो. परीक्षा चांगली आहे, पण ती सगळ्यात शेवटी करा. भारतात १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आलेल्या गाजर गवतामुळे अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. पानं न बघता दिसेल ते रोप हातात चोळणं म्हणजे विनाकारण दुखणं ओढवून घेणं.

वर्गीकरणातही गोंधळ होतो. माक्याची शास्त्रीय नावं दोन दिसतात, पण जुन्या पुस्तकातलं एक्लिप्टा आल्बा आणि आजचं एक्लिप्टा प्रोस्ट्राटा ही एकच वनस्पती. कंपॉझिटी आणि अ‍ॅस्टरेसी हेही एकच, सूर्यफुलाचं कुळ, दोन्ही नावं चालतात. पिवळा माका मात्र वेगळ्या प्रजातीतला, त्याला या माक्याचा पिवळा प्रकार समजू नका.

जाणकाराला फोटो पाठवायचा तर नुसता फुलाचा नको. पानांची मांडणी, स्तबकाची खालची हिरवी बाजू आणि रोप उगवलं ती जागाही दाखवा. माका बहुधा ओलीत, भातखाचरापाशी किंवा पाटाच्या कडेला सापडतो.