पुढचा अतिविध्वंसक टॉर्नेडो कुठे? बेळगावात बसून अंदाज बांधण्याची रीत

पुढचा अतिविध्वंसक टॉर्नेडो कोणत्या गावावर कोसळेल, हे आठवडाभर आधी सांगणे आज जगातील कोणत्याही हवामान केंद्राला जमत नाही. कोणत्या महिन्यात कोणता प्रदेश धोक्यात असतो, ठरावीक दिवशी त्या प्रदेशातील कोणत्या पट्ट्यावर लक्ष ठेवावे आणि शेवटच्या अर्ध्या तासात कोणती गावे वादळाच्या वाटेवर आहेत, एवढे मात्र पायरीपायरीने सांगता येते. प्रत्येक पायरीवर जेवढे कळते तेवढेच बोलणे, ही या कामातील खरी शिस्त आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीत राहणाऱ्या आणि मोबाईल व इंटरनेट याखेरीज साधन नसलेल्या अभ्यासूला ही रीत कशी शिकता येईल, ते येथे मांडले आहे. सरावासाठी टॉर्नेडो अमेरिकेतले घ्यावेत, कारण तेथील नोंदी, नकाशे आणि रडारची चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. हात बसल्यावर तीच रीत आपल्या वळवाला लावावी.

अंदाज नेमका कशाचा करायचा, ते प्रथम ठरवावे. टॉर्नेडोची ताकद सुधारित फुजिता मापनपद्धतीने ईएफ-० (सर्वांत सौम्य) ते ईएफ-५ (सर्वांत विध्वंसक) अशा श्रेणींत सांगतात आणि ही श्रेणी वाऱ्याच्या प्रत्यक्ष मोजणीवरून नव्हे, तर मागे राहिलेल्या पडझडीवरून ठरते. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीचा टॉर्नेडो आला. फिरत्या रडारने त्यात ईएफ-५ ला साजेसे वारे मोजले, परंतु तो बहुतांशी मोकळ्या रानातून गेल्यामुळे अधिकृत नोंद ईएफ-३ अशीच राहिली. उलट २० जून २०२५ रोजी नॉर्थ डकोटातील एंडर्लिनजवळ आलेल्या टॉर्नेडोला आधी खालची श्रेणी मिळाली होती. मालगाडीचे डबे कसे उलटले आणि फेकले गेले याचा हिशेब मांडल्यावर ऑक्टोबरमध्ये ती ईएफ-५ करण्यात आली. ओक्लाहोमातील मूर शहरावर २० मे २०१३ रोजी आलेल्या टॉर्नेडोनंतर ही श्रेणी मिळालेला तो पहिलाच होता. याचा अर्थ असा की, ‘पुढचा ईएफ-५ कुठे’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर हवेत असते आणि अर्धे त्या वाटेवर काय उभे आहे यात असते. म्हणून नवख्याने ईएफ-४ आणि ईएफ-५ एकत्र धरावेत. अमेरिकेत वर्षाला हजाराहून अधिक टॉर्नेडो येतात आणि त्यांत या दोन श्रेणींचे प्रमाण शेकडा एकापेक्षाही कमी असते, हेही विसरू नये.

पहिली पायरी ऋतूची आहे आणि ती फार वेळ घेत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मिसिसिपी, अलाबामा व टेनेसी, मेमध्ये ओक्लाहोमा, कॅन्सस व उत्तर टेक्सास, आणि जूनमध्ये नेब्रास्का, आयोवा व डकोटा, असा धोक्याचा पट्टा साधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. जुन्या पुस्तकांतील ‘टॉर्नेडो ॲली’च्या, म्हणजे मध्य अमेरिकेच्या मैदानांतील टॉर्नेडोप्रवण पट्ट्याच्या, नकाशावर मात्र विसंबू नये, गेल्या काही दशकांत अनुकूल हवेचे दिवस पश्चिमेकडील मैदानांत घटले आणि मिसिसिपीच्या आसपास वाढले, असे अभ्यासांत आढळले आहे. २७ एप्रिल २०११ या एकाच दिवशी मिसिसिपी व अलाबामात चार ईएफ-५ नोंदले गेले होते. ‘अमुक गावावर येऊन गेला, आता तेथे येणार नाही’ हे जसे चुकीचे, तसेच ‘तेथेच पुन्हा येणार’ हेही चुकीचे. कॅन्ससमधील कॉडेल या गावावर १९१६, १९१७ आणि १९१८ अशी सलग तीन वर्षे २० मे या एकाच तारखेला टॉर्नेडो आला होता. त्यावरून १९१९ च्या २० मेचा अंदाज कोणी बांधला असता, तर तो योगायोगावरच बांधलेला ठरला असता.

खरी मेहनत दुसऱ्या पायरीवर, म्हणजे दिवस निवडताना लागते. चार गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी जुळून याव्या लागतात. जमिनीलगत भरपूर बाष्प हवे. मैदानी प्रदेशात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, १८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की लक्ष घालावे. वर थंड आणि खाली उबदार अशी अस्थिर हवा हवी. तिचे माप ‘केप’ या आकड्यात मिळते आणि तो २,००० जूल प्रति किलोग्रॅमच्या पुढे गेला की ढग झपाट्याने वर चढू शकतात. हवेला वर ढकलणारी एखादी रेषा हवी. मेक्सिकोच्या आखातातून आलेली दमट हवा आणि पश्चिमेच्या पठारावरून आलेली कोरडी हवा जेथे भिडतात, तेथे ती सापडते. चौथी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे उंचीगणिक वाऱ्याची दिशा व वेग बदलत जाणे. खाली आग्नेयेचा वारा, दीड किलोमीटरवर दक्षिणेचा आणि पाच-सहा किलोमीटरवर नैर्ऋत्येचा वेगवान वारा, अशी रचना असेल, तर वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरू लागते आणि सुपरसेल हा दीर्घायुषी ढग तयार होतो. त्यातही पहिल्या एक किलोमीटरमधील बदल आणि ढगाच्या तळाची कमी उंची यांवर टॉर्नेडोची शक्यता विशेष अवलंबून असते. यांखेरीज, दमट थरावर उबदार कोरड्या हवेचे झाकण असावे लागते. ते सकाळी ढग फुटू देत नाही आणि दुपारी मोजक्याच ठिकाणी सुटते, त्यामुळे साठलेली सारी ऊर्जा एक-दोन ढगांच्या वाट्याला येते. झाकण सुटलेच नाही, तर बाकी सगळे जुळूनही आकाश निरभ्र राहते, आणि अंदाज चुकण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

या नोंदी पाहण्याच्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवाव्यात. अमेरिकेतील फुगे सोडून घेतलेली सकाळची निरीक्षणे आपल्या सायंकाळी साडेपाचची असतात. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील वादळ अंदाज केंद्राचा त्या दिवसाचा पहिला नकाशा आपल्याकडे सकाळी ११.३० ला येतो आणि सुधारित नकाशे सायंकाळी ६.३०, रात्री १० आणि उत्तररात्री १.३० ला येतात. मध्य अमेरिकेतील दुपारी तीन ते रात्री नऊ हा धोक्याचा काळ म्हणजे आपली उत्तररात्र आणि सकाळ. तेव्हा हा छंद पहाटे उठणाऱ्यांचा आहे.

त्या नकाशावरील टक्केवारी नीट समजून घ्यावी, कारण बहुतेक घोटाळा तेथेच होतो. ‘१५ टक्के’ याचा अर्थ त्या भागातील कोणत्याही बिंदूपासून ४० किलोमीटरच्या आत टॉर्नेडो येण्याची शक्यता १५ टक्के आहे. बेळगाव शहर मध्य धरून एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर पश्चिमेस चंदगड, दक्षिणेस खानापूर आणि पूर्वेच्या काठावर बैलहोंगल त्यात येते. क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस किलोमीटर भरते. २२ मे २०११ रोजी मिसुरीतील जॉप्लिन येथे १५८ जणांचा बळी घेणारा टॉर्नेडो सुमारे ३५ किलोमीटर चालला आणि त्याची कमाल रुंदी १.६ किलोमीटरच्या आसपास होती. म्हणजे वर्तुळ अचूक निघाले आणि वादळही तेवढेच मोठे आले, तरी त्यातील जवळजवळ ९९ टक्के जमीन अस्पर्श राहील. सकाळच्या नकाशावरून गावाचे नाव घेणारे व्हिडिओ यासाठीच दुर्लक्षावेत.

तिसरी पायरी दुपारच्या काही तासांची. उपग्रहाच्या चित्रांत ढग एकटे उभे राहतात की रांगेत मिसळतात, ते पाहावे. एकट्या ढगाला दमट हवा अडथळ्याविना मिळते, म्हणून अतितीव्र टॉर्नेडो बहुधा सुट्या सुपरसेलमधून येतात, आणि ढगांची ओळ असेल तर तिच्या दक्षिण टोकाच्या ढगावर अधिक लक्ष ठेवावे. सकाळच्या पावसाने मागे ठेवलेल्या थंड हवेची सीमा नकाशावर शोधावी, कारण ती ओलांडताना ढगाला जमिनीलगतचे फिरणे आयते मिळू शकते. नियमाला अपवादही माहीत असावेत: २७ मे १९९७ रोजी टेक्सासमधील जॅरेलवर आलेला एफ-५ (जुन्या फुजिता पद्धतीतील सर्वोच्च श्रेणीचा) टॉर्नेडो वरच्या थरात वाऱ्याचा फरक बेताचा असताना, केवळ प्रचंड अस्थिरतेच्या बळावर निर्माण झाला आणि नेहमीच्या ईशान्येऐवजी नैर्ऋत्येकडे सरकला.

शेवटच्या पायरीवर केवळ रडार पाहावे. पावसाच्या चित्रात नैर्ऋत्य कडेला आकड्यासारखे वळण दिसते. वाऱ्याच्या चित्रात त्याच जागी रडारकडे येणारा आणि रडारपासून दूर जाणारा वारा एकमेकांना खेटून दिसतो. आणि नव्या रडारवर पाऊस नसलेल्या वस्तू, म्हणजे पत्रे, फांद्या, माती, हवेत उडाल्याचेही ओळखता येते. ही तिसरी खूण दिसली, तर टॉर्नेडो जमिनीवर आहे असे समजावे. त्या ठिकाणाची मागील अर्ध्या तासाची वाट नकाशावर आखून ती पुढे वाढवावी आणि पुढे जाईल तशी दोन्ही बाजूंनी रुंद करावी. गावांची नावे येथे, आणि येथेच, घ्यावीत. सरकारी इशाऱ्यालाही याहून फार आगाऊ वेळ मिळत नाही. सरासरी दहा मिनिटांच्या आसपासच असते.

आपल्या भागात असे टॉर्नेडो का येत नाहीत, हे याच चार गोष्टींवरून कळते. बंगालच्या उपसागराची दमट हवा, तिच्यावर पठारावरून येणारी उष्ण कोरडी हवा आणि हिमालयाच्या दक्षिणेने वाहणारा वेगवान पश्चिमी वारा, अशी जुळणी मार्च ते मे या काळात बांगलादेशात होते. २६ एप्रिल १९८९ रोजी तेथील दौलतपूर-सातुरिया भागात सुमारे १,३०० माणसे दगावली, आणि जगातील सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो म्हणून त्याचीच नोंद आहे. बेळगावावर एप्रिल-मेमध्ये बाष्प आणि उष्णता असते, परंतु वरच्या थरातील वारा मंद असतो. त्यामुळे आपला वळवाचा ढग उंच वाढतो, तासाभरात आपल्याच पावसाने कोसळतो आणि जाता जाता सोसाट्याचा वारा, गारा व विजा देऊन जातो. काजू-आंब्याचे, कौलांचे आणि पत्र्यांचे नुकसान करायला तेवढे पुरे असते.

या वळवाला तीच रीत लावताना काही स्थानिक फरक करावे लागतात. पणजीहून सोडलेल्या फुग्याची पहाटेची नोंद पाहावी, पण पणजी समुद्रसपाटीला आणि बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने खालचा तेवढा भाग वगळून वाचावी. दुपारी घाट चढून येणारा समुद्राचा वारा पठारावरील कोरड्या वाऱ्याला कोठे भिडतो, ते उपग्रहाच्या चित्रातील ढगांच्या रेषेवरून ओळखावे. गोव्याचे डॉप्लर रडार (पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही टिपणारे रडार) बेळगावापासून सुमारे ८५ किलोमीटरवर असून त्याचा किरण येथवर येईतो बराच वर गेलेला असतो, म्हणून ढगाखालचा वारा त्यात दिसेल अशी अपेक्षा करू नये. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप अधिक उपयोगी पडते. एक कोसळलेला ढग बाहेर फेकतो ती गार हवा शेजारी नवा ढग उभा करते, तेव्हा पहिला पाऊस संपला म्हणून लगेच शेतात परतू नये.

सीमाभागाची एक खास अडचण अशी की, चंदगडचा अंदाज ‘मध्य महाराष्ट्र’ विभागात आणि खानापूरचा ‘उत्तर आंतरिक कर्नाटक’ विभागात मिळतो, आणि ढग एकच असतो. दोन्ही विभागांचे इशारे वाचावेत आणि रंग वेगळे असतील तर अधिक गंभीर रंग धरावा. आपला अंदाज दुपारी बारापूर्वी तालुक्याच्या नावासह आणि टक्केवारीसह वहीत लिहावा. सायंकाळी चंदगड, खानापूर, हुक्केरी व बैलहोंगलकडील ओळखीच्या माणसांना फोन करून पाऊस, गारा आणि वारा यांची वेळ विचारावी आणि ती त्याच पानावर नोंदवावी. जेथे काहीच झाले नाही त्या गावाचीही नोंद सोडू नये, कारण आपण दिलेले ‘३० टक्के’ दहांपैकी तीन वेळा खरे ठरतात की नाही, हे हंगामाअखेर त्या कोऱ्या गेलेल्या दिवसांशिवाय मोजताच येत नाही.