बेटांची कमान दोऱ्याने मोजा, मग तिच्या पाठीमागे बघा

समुद्रात बेटांच्या काही रांगा कमानीसारख्या वाकलेल्या असतात; त्या का वाकतात ते घरी मोजून बघता येतं. सामान फार लागत नाही: पृथ्वीगोल, दोरा, टेबल टेनिसचा जुना चेंडू आणि समुद्रतळाचा नकाशा. मोजायला मात्र पृथ्वीगोलच हवा. मी पहिल्यांदा हा उद्योग भिंतीवरच्या सपाट नकाशावर केला आणि अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या कमानीची त्रिज्या भलतीच मोठी आली. दोन दिवस आकडेमोड तपासत बसलो. आकडेमोड बरोबर होती. मर्केटर पद्धतीच्या अशा सपाट नकाशात 52 अंश अक्षांशावर अंतर दीडपटीहून जास्त फुगतं, हेच मी विसरलो होतो.

आता चेंडू अंगठ्याने दाबा. खळग्याची कड गोल येते, सरळ येतच नाही. 1968 साली चार्ल्स फ्रँक या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने हेच उदाहरण घेतलं. गोलाचं कवच न ताणता आत वाकलं, तर कड वर्तुळाची होणार. आणि कवच जितके अंश खाली वाकेल त्याच्या निम्मे अंश त्या वर्तुळाची त्रिज्या. चेंडूच्या कवचाच्या जागी शेजारच्या प्लेटखाली (प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) घुसणारा समुद्रतळ धरा, की कडेच्या जागी सागरी गर्ता, म्हणजे समुद्रतळावरची लांब खोल घळ, येते. कमानीचा फुगवटा घुसणाऱ्या प्लेटकडे का असतो, तेही चेंडूत दिसतं.

दोरा गर्तेवरच ठेवा, बेटांवर नको. घुसलेली प्लेट साधारण 100 किलोमीटर खोल गेली की तिच्यातल्या पाण्यामुळे वरचं प्रावरण (कवचाखालचा खडकाचा थर) वितळतं आणि तिथे वर ज्वालामुखी उभे राहतात. उतार तीव्र असेल तर ते गर्तेजवळ, मंद असेल तर लांब. शिवाय बेट दिसलं म्हणजे ज्वालामुखी असं नाही. ग्रीसचं क्रीट बेट हा नुसता वर उचलला गेलेला भाग आहे. सांतोरिनी बेटाचा ज्वालामुखी त्याच्या उत्तरेला, कमानीच्या आत आहे.

पश्चिम पॅसिफिकमधली मरियाना गर्ता घेऊ. दोन टोकं जोडणारी जीवा, म्हणजे सरळ रेषा, ताणा. तिची निम्मी लांबी मला सुमारे 670 किलोमीटर मिळाली आणि मधला फुगवटा, म्हणजे जीवेपासून गर्तेचं सर्वांत जास्त अंतर, सुमारे 530. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा, फुगवट्याच्या दुपटीने भागा: त्रिज्या 700च्या आत. पृथ्वीगोलावर एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, म्हणजे ही त्रिज्या जेमतेम सहा अंश. चेंडूच्या हिशेबाने उतार बारा अंश हवा. प्रत्यक्षात तिथली प्लेट खोलवर जवळजवळ उभी जाते!

इथे बरेच जण चेंडू फेकून देतात. मी म्हणतो, ठेवा; चेंडूचं कवच ताणलं जात नाही आणि भूकवच ताणलं जातं, एवढाच फरक आहे, आणि खरी गोष्ट त्या फरकातच आहे. समुद्रतळाच्या नकाशावर कमानीच्या आतल्या बाजूला बघा. मरियाना बेटांच्या पश्चिमेला चंद्रकोरीसारखं खोरं आहे, मध्यभागी रुंद आणि उत्तरेकडे मिटत जाणारं. त्याच्याही पलीकडे पाण्याखाली मृत ज्वालामुखींची रांग आहे. एकच जुनी कमान उभी चिरली गेली. एक फाळका मागे राहिला, दुसरा पुढे गेला. चीर पडली त्या जागी नवा समुद्रतळ तयार झाला.

ताण येतो कुठून? जुनी, थंड, जड प्लेट बुडताना तिचा वाकण्याचा सांधा समुद्राकडे मागे सरकतो. गर्ता मागे सरली काय किंवा वरची प्लेट तिच्यापासून दूर गेली काय, मधलं कवच फाटणारच. ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात हे वेगांवरून कळतं: आफ्रिका उत्तरेकडे वर्षाला सेंटीमीटरभरही सरकत नाही, पण एजियनचा दक्षिण भाग नैऋत्येकडे वर्षाला तीनेक सेंटीमीटर चालला आहे.

शेवटी टोकं तपासा. मरियानाच्या उत्तर टोकाशी ओगासावारा पठार आहे, दक्षिण टोकाशी कॅरोलाइन कटक (समुद्रतळावरची डोंगररांग). अशी जाड, हलकी ओझी सहजी बुडत नाहीत. टोकं तिथे अडकतात आणि मधलाच भाग पुढे फुगतो. दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगा गर्तेत अडकल्यासारखं आहे ते दक्षिण टोक. त्यामुळे कमान न फुगता बिजागरीवरच्या दारासारखी उघडते: मागचं लाऊ खोरं उत्तरेला रुंद, दक्षिणेला निमुळतं. त्याच उत्तर टोकाला वर्षाला 24 सेंटीमीटरपर्यंत वेग जीपीएसने मोजला गेला आहे.